एकच खतावणी, अनेक दुकाने

पेढीवर नव्याने आलेल्या मुलाला पहिल्या काही दिवसांत जमा-नावे शिकवले जाते. आलेली रक्कम कोठे मांडावी, गेलेली कोठे, रोजकीर्दीतून खतावणी कशी उतरवावी, एवढे त्याला नीट समजले की पुढे तो कापडाच्या दुकानात बसो, भुसाराच्या आडतीवर बसो किंवा सराफाच्या गादीवर, हिशेबाची रीत त्याला पुन्हा शिकावी लागत नाही. खात्यांची नावे बदलतात, मांडणी तीच राहते. द्विनोंदी पद्धत एवढी शतके टिकून राहिली याचे मोठे श्रेय तिच्या दोन गुणांना आहे. ती थोडक्यात शिकता येते आणि कोणत्याही धंद्याला लावता येते.

हीच कसोटी एका वेगळ्या वस्तूला लावून पाहण्याजोगी आहे. ती वस्तू म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिकाखेळ. जगात तो टेबलटॉप रोलप्लेइंग गेम या नावाने ओळखला जातो. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेरगावी गेलेली मुले हा खेळ तेथे शिकतात आणि सुट्टीत घरी येताना एखादे जाडजूड पुस्तक व विचित्र आकाराचे फासे घेऊन येतात. घरातील ज्येष्ठ त्याकडे थोड्या कुतूहलाने आणि थोड्या संशयाने पाहतात. घरातील सर्वांना सोबत घेऊन हा खेळ खेळायचा झाला तर त्याच्या अनेक पद्धतींतून कोणती निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ करमणुकीचा वाटतो. परंतु ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि त्यानंतरची लांबलचक संध्याकाळ प्रत्येक जण आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाइलसमोर घालवतो, त्या घरांत हा प्रश्न तेवढा लहान राहत नाही. तीन पिढ्या दोन तास एकमेकींशी बोलतील की नाही, हे काही अंशी या निवडीवर अवलंबून असते.

प्रथम खेळाचे स्वरूप. यात ठरलेला पट लागत नाही. मंडळींपैकी एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या तोंडी शब्द घालतो आणि नियम पाहतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात आणि आपले पात्र काय करते ते सांगतात. कृतीचा परिणाम उघड असेल तर फासा टाकण्याचे कारण नाही; जेथे शंका असते तेथेच फासा टाकला जातो. शेवटी कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. सर्वांनी मिळून एक कथा घडवलेली असते.

या प्रकारातला पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहान गावातून निघाला. त्याचे कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. गायगॅक्स हे पूर्वी विमा कंपनीत जोखीम जोखण्याचे काम करीत असत, ही गोष्ट व्यापारी वाचकांना रंजक वाटेल. लहान सैनिकी प्रतिमा मांडून लढाया खेळणाऱ्या हौशी मंडळींतून हा खेळ जन्मला. सुरुवातीस तो एका खोक्यात तीन पुस्तिका अशा रूपात विकला गेला. पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती. लढाईच्या खेळातून आल्यामुळे त्याच्या नियमांत लढाईला मोठे स्थान मिळाले आणि ते आजही आहे.

जैन घरात या खेळाबद्दल दोन शंका हमखास निघतात, आणि त्या दोन्ही विचारार्ह आहेत. सप्तव्यसनांच्या यादीत द्यूतही आहे आणि शिकारही. फासा दिसला की आजीच्या मनात द्यूत येणे साहजिक आहे. याचे उत्तर सोपे आहे. द्यूताचे मर्म पणात आहे, फाशात नाही. येथे काहीच पणाला लागत नाही. एकाचा तोटा दुसऱ्याचा नफा होत नाही. शिवाय फासा बोधासाठी वापरण्याची रीत जैन परंपरेला नवी नाही. ८४ घरांच्या ज्ञानबाजीच्या जुन्या पटांवर शिडीने चढत आणि सापाने उतरत कर्मफळाचाच पाठ दिला जात असे. फरक एवढाच की त्या पटावर सारे काही दान ठरवीत असे. भूमिकाखेळात आधी माणूस निर्णय घेतो आणि त्या निर्णयाचे काय झाले एवढेच दान सांगते.

दुसरी शंका अधिक खोल आहे, आणि तिचे उत्तर निवडलेल्या पद्धतीवर अवलंबून आहे. सांगलीतील हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या घरी ती ज्या रीतीने पुढे आली ती रीत येथे सांगण्याजोगी आहे. अभियांत्रिकीसाठी पुण्याला असलेला नातू सुट्टीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचा संच घेऊन आला. आजी, आजोबा, काका आणि काकांची दहा वर्षांची मुलगी असे चौघे कौतुकाने त्याच्याभोवती बसले. मुख्य पुस्तके तीन, आणि प्रत्येक तीनशेहून अधिक पानांचे. वंश, वर्ग, सहा गुण, कौशल्ये, शस्त्रे, मंत्र अशी एकेक ओळ भरता भरता दोन संध्याकाळी गेल्या. काका हसत म्हणाले, "एवढ्या वेळात वर्षाचा ताळेबंद झाला असता." आजोबा डुलक्या घेऊ लागले. तिसऱ्या संध्याकाळी खेळ सुरू झाला, पात्रांना अनुभवाचे गुण कसे मिळतात हे नातवाने समजावून सांगितले, आणि आजींनी शांतपणे विचारले, "अरे, माझ्या माणसाने कुणाला मारलेच नाही, तर त्याची बढती कधीच व्हायची नाही का?"

प्रश्न भाबडा नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर पेढीवरच्या मुनिमांची बढती-बोनस पाहिले, तिला ठाऊक होते की माणूस ज्या कामाचा मोबदला मिळतो तेच काम करू लागतो. खेळाचे नियमही मोबदल्याची व्यवस्थाच असतात. अनुभवाचे गुण मुख्यतः राक्षसांवर मात केल्याने मिळत असतील तर खेळाडूंचे लक्ष आपोआप तलवारीकडे वळते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्या खेळात सूत्रधाराला कथेतील टप्पा गाठल्यावर बढती देण्याची मुभा आहे आणि लढाई टाळल्याचेही गुण देता येतात. पण पुस्तकातील कोष्टके, मंत्र आणि शस्त्रे यांचा भार ज्या बाजूला आहे, त्या बाजूला तराजू झुकतोच. चौथ्या संध्याकाळी आजी जपाला बसल्या, काका दुकानात थांबले आणि टेबल रिकामे राहिले.

तेव्हा निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. पद्धत किती वेळात शिकता येते? ती एकाच प्रकारच्या कथेला लागू आहे की अनेक? आणि ती मोबदला कशाचा देते?

अनेक प्रकारच्या कथांना लागू पडेल अशी पद्धत करण्याचा प्रयत्न जुना आहे. केऑसियम या अमेरिकन प्रकाशनाने आपल्या १९७८ सालच्या 'रूनक्वेस्ट' या खेळाचा सांगाडा काढून १९८० साली 'बेसिक रोलप्लेइंग' ही अवघ्या १६ पानांची पुस्तिका केली. तिचे तत्त्व व्यापाऱ्याला क्षणात कळते, कारण ते टक्क्यांचे आहे. पात्राचे 'घासाघीस' हे कौशल्य ६५ टक्के असेल, तर शंभराच्या फाशावर ६५ किंवा कमी पडले की काम झाले. १९८१ साली याच सांगाड्यावर 'कॉल ऑफ कथुलू' हा भयकथांचा खेळ उभा राहिला. तलवारींचे जग आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील शहरे एकाच हिशेबावर चालू शकतात, हे त्यातून दिसले.

१९८६ साली टेक्सासमधील स्टीव्ह जॅक्सन यांच्या प्रकाशनाने 'गर्प्स' आणला. सर्व काळांना आणि सर्व जगांना चालणारी पद्धत असा त्याच्या नावातच दावा आहे. पात्र घडवण्यासाठी गुणांचे ठरावीक भांडवल मिळते. त्यातून बळ, चापल्य, बुद्धी आणि आरोग्य विकत घ्यायचे. एखादा दोष पत्करला तर काही गुण परत मिळतात. सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज आपल्या कौशल्याइतकी किंवा कमी यावी लागते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा अर्थसंकल्प फार आवडेल. पण पूर्ण पद्धत विस्तृत आहे आणि पात्र मांडायला वेळ लागतो. तिची ३२ पानांची लहान आवृत्ती मोफत मिळते. अभ्यासू तरुणांनी ती जरूर पाहावी. सर्व वयांच्या पहिल्या बैठकीला मात्र ती जड पडते.

व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपॉकलिप्स वर्ल्ड'ने वेगळी दिशा दाखवली. दोन फासे टाकायचे. बेरीज १० किंवा अधिक आली तर काम पूर्ण झाले, ७ ते ९ आली तर झाले पण काही किंमत देऊन, ६ किंवा कमी आली तर अडचण वाढली. मधला निकाल हे या पद्धतीचे खरे धन आहे. व्यवहारात बहुतेक सौदे असेच होतात: माल मिळतो, पण उधारीची मुदत कमी होते.

२०१३ साली ईव्हिल हॅट या प्रकाशनाने 'फेट ॲक्सिलरेटेड' काढले. सुमारे ५० पानांची पुस्तिका. येथे शस्त्रांची कोष्टके नाहीत. पात्र काय करते यापेक्षा ते कशा रीतीने करते हे पाहिले जाते, आणि अशा रीती सहा: सावधपणे, चतुराईने, दिमाखाने, जोराने, चपळाईने आणि गुपचूप. एका रीतीला ३, दोन रीतींना २, दोन रीतींना १ आणि उरलेलीला शून्य. त्याखेरीज पात्राविषयी दोन-तीन साधी वाक्ये लिहायची. एक त्याची ओळख सांगणारे, एक त्याला अडचणीत आणणारे. एवढ्यात पात्र तयार.

फाशांचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक अंकाची शक्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के. त्यामुळे कुशल पात्रही वारंवार तोंडघशी पडते. 'फेट'मध्ये चार फासे असतात आणि प्रत्येकाच्या दोन बाजू अधिक, दोन उणे, दोन कोऱ्या. घरातल्या साध्या फाशावर १-२ म्हणजे उणे, ३-४ म्हणजे कोरे आणि ५-६ म्हणजे अधिक मानले तरी चालते. एकूण ८१ शक्यतांपैकी ५१ मध्ये निकाल उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान येतो, म्हणजे सुमारे ६३ टक्के वेळा. टोकाचे अधिक चार ८१ मध्ये एकदाच. याचा अर्थ, चतुर म्हणून लिहिलेले पात्र खेळतानाही चतुरच दिसते. नवख्या आणि वयस्क खेळाडूचा विश्वास टिकण्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

सांगलीच्या त्या घरी नातवाने जाड पुस्तके मिटून ठेवली आणि ही लहान पुस्तिका काढली. राक्षसांच्या गुहेऐवजी त्याने जुन्नरहून कल्याण बंदराकडे निघालेला सातवाहनकाळचा व्यापारी तांडा घेतला. वाट अर्थातच नाणेघाटाची. तेथील दगडी रांजण जकातीसाठी होता असे मानले जाते, ते सर्वांनी सहलीत पाहिलेले होते. आजींच्या पात्राची ओळख 'अनुभवी सार्थवाह' आणि अडचण 'दिलेला शब्द मोडत नाही'. वीस मिनिटांत पाचही जण तयार झाले.

घाटमाथ्यावर जकातदाराने दुप्पट जकात मागितली. आजी म्हणाल्या की आपण चतुराईने बोलणार. त्यांची चतुराई ३. सूत्रधाराने अडचणही ३ ठरवली. फासे पडले: एक अधिक, एक उणे, दोन कोरे. बेरीज शून्य, म्हणजे बरोबरी. नियमाप्रमाणे बरोबरीत हेतू साधतो, पण थोडी किंमत द्यावी लागते. जकात रीतसर ठरली, मात्र तांड्याला रात्रभर घाटाच्या तोंडाशी थांबावे लागले. आजींजवळ तीन 'फेट गुण' होते. त्यातला एक खर्चून, 'अनुभवी सार्थवाह' या वाक्याच्या आधारे त्यांना दोन वाढवता आले असते. "गाठीचा गुण आत्ताच कशाला मोडायचा?" म्हणून त्यांनी तो राखून ठेवला.

पुढे वाटेत एक आजारी वाटसरू भेटला आणि आजींनी त्याला बंदरापर्यंत नेण्याचा शब्द दिला. तांडा रखडू लागला. येथे या पद्धतीचा मोबदला दिसतो. पात्राच्या स्वभावामुळे येणारी अडचण खेळाडूने स्वीकारली की त्याला एक गुण मिळतो. शब्द पाळून तोटा सोसला म्हणून आजींच्या गाठीचे गुण चार झाले. रात्री दरोडेखोर आले. या खेळात प्रतिपक्ष हरला म्हणजे तो मेलाच असे नाही; हरलेल्याचे काय करायचे ते जिंकणाऱ्याने सांगायचे असते. दहा वर्षांच्या मुलीच्या चपळाईने आणि काकांच्या दिमाखाने दरोडेखोर हरले, आणि आजींनी त्यांना पगारावर तांड्याचे राखणदार नेमले.

नातू हसला, आणि मग त्याने विचारले, "आजी, तू अनोळखी माणसावर एवढा भरवसा कशी टाकलीस?" त्यावर आजींनी आपल्या सासऱ्यांनी माणसे कशी पारखली, उधारी देताना गिऱ्हाइकाच्या कपड्यांपेक्षा त्याच्या जुन्या देण्याघेण्याची चौकशी कशी केली, कोणाचे नुकसान मुकाट्याने सोसले आणि कोणाला पुन्हा पायरी चढू दिली नाही, ते सांगितले. आजोबांनी मधेच दोन दुरुस्त्या केल्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. हळदीच्या पेढीत पुढे कोण बसणार, हा त्या घरातला न बोललेला प्रश्न होता. नातू अभियंता होणार हे ठरलेलेच आहे, आणि त्या संध्याकाळीने ते बदलले नाही. पण पेढीचे जे ज्ञान कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते, त्यातले थोडेसे त्या टेबलावर मुलाच्या हाती आले. त्याने ते स्वतः मागून घेतले, ही त्यातली मोठी गोष्ट.

निवडीचे मर्म येथे आहे. पुस्तकाच्या जाडीवरून किंवा खेळाच्या प्रसिद्धीवरून पद्धत निवडू नये. टेबलावरून सर्वांत आधी उठून जाईल अशी व्यक्ती कोण, ते ओळखावे आणि तिला झेपेल, तिच्या मनाला पटेल अशी पद्धत निवडावी. उत्साही तरुण कोणत्याही पद्धतीत रमतो. त्याच्यासाठी निवड करण्याची गरज नसते. आजी बसल्या तर सगळे घर बसते.

व्यवहाराच्या काही गोष्टी. मोठी गुंतवणूक करण्यापूर्वी लहान नमुना पाहावा. जॉन हार्पर यांचा २०१३ सालचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' हा खेळ एका पानात मावतो आणि मोफत मिळतो. प्रत्येकाने २ ते ५ यांतील एक अंक निवडायचा. विचाराने, यंत्राने काम करायचे तर फासा त्या अंकाखाली पडावा. भावनेने, बोलण्याने करायचे तर त्याच्या वर. मूळ कथा अंतराळयानाची आहे, पण ती बदलणे अवघड नाही. एका संध्याकाळीत घराला हा प्रकार मानवतो की नाही ते समजते. मानवला तर 'फेट ॲक्सिलरेटेड' घ्यावे. त्याची पीडीएफ प्रत वाचकाने स्वेच्छेने द्यावयाच्या मूल्यावर उपलब्ध आहे. त्याचे नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले असल्याने मूळ कर्त्यांचा उल्लेख ठेवून ते मराठीत उतरवता येतात. घरातल्या एखाद्या मुलाने सुट्टीत एवढे केले तरी ज्यांना इंग्रजी पुस्तिका वाचणे कठीण, त्यांच्यासाठी दार उघडेल. तरुणांना पुढे अधिक खोलात जायचे असेल तर टक्क्यांची पद्धत, 'गर्प्स' आणि 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची जाड पुस्तके आहेतच. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही.

सूत्रधारासह चार-पाच जण पुरेत. बैठक दोन तासांपेक्षा लांबवू नये. सूत्रधार घरातल्या तरुणाने व्हावे, म्हणजे ज्येष्ठांनी त्याला विचारायचे आणि त्याने समजावून सांगायचे, ही एरवी दुर्मीळ झालेली देवघेव सुरू होते. विषय मात्र ज्येष्ठांच्या अनुभवातले घ्यावेत: बंदर, बाजार, तांडा, दुष्काळातली पेढी, भावाभावांतली वाटणी. पद्धत सोपी आणि सर्वत्र लागू पडणारी असली की असे विषय तिच्यात सहज बसतात, कारण तिने आपले जग बरोबर आणलेले नसते.

पहिल्या दिवशी कौतुकाने सगळेच येऊन बसतात. नवे दुकान उघडले की पहिल्या दिवशीची गर्दी पाहून कोणी जाणता व्यापारी नफ्याचा हिशेब करीत नाही. तेच गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढते का, याची तो वाट पाहतो. खेळाची निवड बरोबर झाली की नाही हेही तसेच, दुसऱ्या संध्याकाळी कोणी न बोलावता कोण येऊन बसते त्यावरून कळते.